चिकाचे चेहरे

नजमाने माझा चेहरा मागितला तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मग वाटलं, आपण फार तुटक बोललो, म्हणून हो म्हटलं. माझे बरेचसे होकार असेच निघतात.

"काका, फक्त अर्धा तास. डोळे मिटून पडायचं. तुम्ही तसंही दुपारी पडूनच असता."

"मी वाचत असतो."

"पुस्तक छातीवर आणि चष्मा कपाळावर. बघितलंय मी जिन्यातून."

नजमा आमच्या खालच्या मजल्यावर राहते. तिचे वडील दादामियाँ यांचं येरवड्यात सोफे शिवायचं दुकान आहे, आणि ती चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. मी एका शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. आमची इमारत धानोरीत आहे. सरुबाईंच्या ज्वारीच्या शेतात ती उभी राहिली, म्हणून त्या मालकीणबाई. गाव महापालिकेत गेलं, शेत गेलं, पण उन्हाळ्यात वाळवण घालायची सरुबाईंची सवय गेली नाही. एप्रिल लागला की गच्ची त्यांची. कुरडया, पापड्या, सांडगे. आणि कावळे हाकायला काठी घेऊन बसणारा मी. या कामाला मला कुणी नेमलेलं नाही. एकदा सावलीत वाचत बसलो होतो, सरुबाईंनी हातात काठी दिली, ती परत घ्यायला त्या आल्याच नाहीत.

नजमाची अडचण अशी होती. शेवटच्या वर्षाला तिने विषय निवडला होता, माणसाची ओळख आणि तिचं बदलणं. काम रंगांत किंवा मातीत करायचं नाही, साहित्य स्वतः शोधायचं, अशी अट. आदल्या वर्षी तिने सोफ्याच्या फोमचे पुतळे केले होते. ते उन्हात पिवळे पडून भुगा झाले आणि ती नापास झाली. यंदाही नापास झाली तर कॉलेज सोडावं लागणार होतं, तिसरी संधी नव्हती. या वर्षी तिने कांद्याची सालं, डिंक, जुन्या साड्यांच्या चिंध्या असं सगळं करून पाहिलं. तिचे मोहिते सर प्रत्येक वेळी चष्म्यावरून बघत म्हणायचे, "आपण मटेरियल शोधताय की भंगार गोळा करताय?"

मग एक दिवस ती गच्चीवर आली. सरुबाईंनी गव्हाचा चीक शिजवला होता. आमच्याकडे कुरडया घालायच्या आधी गरम चीक वाटीत घालून सगळ्यांना देतात, कुणी दूध-साखर घालून खातं, कुणी तेल-मीठ. नजमाची वाटी हातातच राहिली. वाटीच्या काठाला चिकाचा पातळ थर वाळला होता. तिने तो नखाने सोडवला आणि उन्हासमोर धरला. पलीकडची पाण्याची टाकी त्यातून धूसर दिसत होती.

"काका, ही तर कातडी आहे," ती म्हणाली.

"कुरडई हाय ती," सरुबाई म्हणाल्या. "खा गपचिप. गार झाल्यावर गळ्याला चिकटंल."

पुढचे काही आठवडे नजमा कॉलेजात कमी आणि सरुबाईंच्या स्वयंपाकघरात जास्त दिसायची. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पिळायचे, निवळी काढून टाकायची. मग ती माणसांच्या चेहऱ्यांवर प्लास्टर लावून साचे घेऊ लागली. साच्यात प्लास्टर ओतून चेहऱ्याचा ठोकळा करायचा, त्याला तेलाचा हात फिरवायचा, वर शिजलेला चीक पातळ पसरायचा आणि गच्चीत ठेवायचा. वाळला की चेहरा अलगद सुटून यायचा, अभ्रकासारखा.

माझी पाळी आली तेव्हा मी त्यांच्या पुढच्या खोलीत चटईवर आडवा झालो. नजमाची आई कमरजहां दाराशी भेंडी चिरत बसली होती.

"काका, हसू नका. साचा बिघडेल."

"मी हसत नाहीये."

"मग ओठ का हलतायत?"

"मी असाच आहे."

"अगं, घाबरलेत ते," कमरजहां म्हणाली. "भाईसाब, डरो मत. माझ्यावर तीन वेळा लावलं तिनं आणि तिन्ही वेळा बिघडवलं. माझा चेहरा काही आला नाही तिला."

"तू बोलत होतीस, अम्मी. प्लास्टरच्या आतून भाजीवाल्याला हाक मारलीस."

चिकात उतरलेला माझा चेहरा मी पाहिला तेव्हा मला तो फारसा आवडला नाही. म्हणजे काम उत्तम होतं. सगळ्या सुरकुत्या जागेवर होत्या, उजवा कान जरासा चिरला होता, तोंड घट्ट मिटलेलं. कुणीतरी काहीतरी विचारेल म्हणून आधीच ओशाळलेला माणूस. मी तसं बोललो नाही. "छान आहे," म्हटलं.

मोहिते सरांनी सगळ्या चेहऱ्यांचे फोटो पाहिले आणि त्यांनाही ते छानच वाटले. पण नजमा संध्याकाळी गच्चीवर आली ती पडलेल्या तोंडाने. परीक्षा दोन दिवसांवर आली होती.

"सर म्हणाले, मास्क सुंदर आहेत. पण बदल कुठाय? ही माणसं आधीही अशीच होती, आताही अशीच आहेत, फक्त पारदर्शक झालीत. विषय अर्धाच झाला म्हणाले. अर्ध्या कामाला पास करत नाहीत, काका."

मी तिला धीर द्यायला काहीतरी शोधत होतो. पुस्तकातलं एक वाक्य आठवलं, पण ते मरणाबद्दल होतं, म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेऊन बसलो असताना सरुबाई ताट घेऊन वर आल्या. त्यांचा एक नियम आहे. वाळवण कडकडीत झालं की प्रत्येक घाण्यातला एकेक नग तळून बघायचा. फुलला तर डबा भरायचा, नाही फुलला तर आणखी ऊन दाखवायचं. नियम सगळ्यांना सारखा. शेजारणीच्या पापड्या असल्या तरी त्यातली एक त्या तळतात, आणि शेजारणीला त्यात उपकारच वाटतो. त्यांनी एक कुरडई उचलली, एक पापडी उचलली, आणि मग नजमाच्या फळीपाशी जाऊन चेहरे न्याहाळू लागल्या. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. तिसरा ताटात घेतला. तो मी होतो.

"अहो," मी म्हणालो. पण इतक्या हळू, की कावळासुद्धा उडाला नाही.

त्या जिना उतरून गेल्या. मी उठलो, खाली जावं की नजमाला हाक मारावी हे ठरवत पहिल्या पायरीवर उभा राहिलो, आणि तेवढ्यात खालून तेलाचा चर्रर्र आवाज आला. ठरवण्याचा प्रश्न मिटला.

नजमा आणि सरुबाई एकदमच वर आल्या. नजमा कॉलेजात चेहरे न्यायला खोका घेऊन आली होती, सरुबाईंच्या हातात ताट.

"फुललं बघ!" सरुबाई म्हणाल्या. "चीक झ्याक बसलाय तुझा. आता बिनघोर डब्यात भर."

नजमाने ताटात पाहिलं. तिच्या हातातला खोका पडला.

"हे काय केलंत? सरुमावशी, हे खायचं नव्हतं! हे माझं काम आहे, उद्या एक्झाम आहे माझी!"

"खायचं न्हाई? मग गहू कशापायी नासलास? आन् तळून बघितल्याबिगर कोण डबा भरतं? तुझ्यासाठीच तर तळलं. त्यातल्या त्यात बिघडल्यालं घेतलं, कान चिरल्यालं."

मी घसा खाकरला. "तो मी आहे."

"व्हय का?" सरुबाईंनी ताट उन्हात धरलं. "आता बरं दिसताय की मास्तर."

मग आम्ही तिघंही बघू लागलो. चेहरा जवळजवळ दुप्पट झाला होता आणि पांढराशुभ्र. सुरकुत्या फुलून भरून आल्या होत्या. गालांवर बुडबुडे उठले होते, भुवया वर गेल्या होत्या. आणि तोंड! घट्ट मिटलेलं तोंड एका बाजूने उघडून असं वर वळलं होतं, की तो माणूस भर सभेत खो खो हसतोय असं वाटावं. मी आयुष्यात तसा हसलेलो नाही. तरी तो मीच होतो, नाक माझंच होतं.

नजमाचं रडं अर्ध्यावर थांबलं. ती ताटासमोर मांडी घालून बसली.

"काका," ती म्हणाली, "हा बदल आहे."

"हे तळण आहे," मी म्हणालो. मला नीट कळलं नव्हतं.

"मी वाळवून थांबले. थांबायचंच नव्हतं." ती उठली आणि सरुबाईंचे दोन्ही हात धरले. "मावशी, तुमची लग्नाची मोठी कढई आहे ना?"

नजमाने लगेच मोहिते सरांना फोन लावून सगळं सांगितलं. सर म्हणाले, "हॉलमध्ये शेगडी नाही. अंगणात. आणि आग लागली तर मी आपल्याला ओळखत नाही."

परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या अंगणात चिंचेखाली कढई मांडली. सरुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून झारा घेऊन बसल्या होत्या. शेजारी घट्ट झाकणाचा डबा, त्यात आदल्या दिवशी तळलेला माझा चेहरा. दोरीवर चेहरे टांगलेले, त्यांतून पलीकडची झाडं दिसत होती. दादामियाँ होते, सरुबाई स्वतः होत्या, कॉलेजचा शिपाई भैरू होता, इतरही ओळखीचे होते. एका टोकाला नजमाचा स्वतःचा चेहरा. सगळ्यांत नितळ तोच निघाला होता. पापण्यांचे केससुद्धा उमटले होते. कमरजहां आणि मी मागे बाकावर बसलो. मी पुस्तक आणलं होतं, पण उघडलं नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकबाई उंच, कडक इस्त्रीच्या होत्या. त्यांनी आधी दोरीकडे पाहिलं, मग कढईकडे.

"हे बघायचंय की खायचंय?"

"आधी बघायचं, मॅडम," नजमा म्हणाली.

एकेक चेहरा तेलात गेला आणि कुणी दुसराच होऊन बाहेर आला. दादामियाँ लहान मुलासारखे गोबरे झाले. भैरू साहेब झाला. तो स्वतः बघायला पुढे आला आणि म्हणाला, "आयला, मला आता रजा कोण नाकारंल?" विद्यार्थ्यांची गर्दी जमली, वर्गांच्या खिडक्यांतही डोकी दिसू लागली. मोहिते सर हाताची घडी घालून उभे होते, पण एकदा त्यांची घडी सुटली.

परीक्षकबाई मात्र दोरीच्या टोकाशी थांबल्या. "या कोण?"

"मी, मॅडम."

"याचं काय करणार?"

"हा असाच राहणार. आधी आणि नंतर, दोन्ही दिसावं म्हणून."

"असं? बाकीच्यांचं आधीचं काही ठेवलं नाहीत."

नजमा म्हणाली, "माझा एकच आहे. साचा आणि ठोकळा दोन्ही फुटले काढताना. बिघडला तर माझं काहीच राहणार नाही."

"म्हणजे बदलायचं इतरांनी," बाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

माझ्या शेजारी कमरजहांने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. नजमा दोरीपाशी गेली. तिने चिमटा काढला, चेहरा तळहातांवर घेतला आणि क्षणभर स्वतःकडे बघत राहिली. वाऱ्याने तो किंचित थरथरत होता. मग ती कढईपाशी येऊन उकिडवी बसली.

"मावशी, मी सोडते."

"सोड. पण भिऊन अर्ध्यात हात मागं घेऊ नगंस. एका बाजूनं कच्चं ऱ्हाईल."

तिने चेहरा तेलात सोडला. तो आधी तळाला गेला, आणि मला वाटलं, संपलं. मग कडांना बुडबुडे आले, कपाळ उमललं, गाल वर आले, आणि सगळा चेहरा एकदम उसळून तेलावर तरंगू लागला. सरुबाईंनी झाऱ्यावर निथळून तो ताटात काढला. नजमा वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली. मग तिच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"अम्मी! अम्मी, इकडे ये. ही तू आहेस!"

कमरजहां उठून गेली. मीही गेलो. खरंच, नजमाचं लांबट तोंड कुठल्या कुठे गेलं होतं. ताटात भरल्या गालांची, बारीक डोळ्यांची, नाकाचा शेंडा वर करून कुणाला तरी बोलायच्या बेतात असलेली कमरजहां होती.

"या अल्लाह," ती म्हणाली. "माझे गाल एवढे आहेत?"

"याच्याहून मोठे हायत," सरुबाई म्हणाल्या.

मोहिते सर सगळ्यांच्या आधी हसले. मग पोरं हसली, खिडक्या हसल्या. परीक्षकबाई ओणव्या होऊन ताटाकडे बघत होत्या, मग कमरजहांकडे, मग नजमाकडे.

"तीन वेळा साचा बिघडला होता अम्मीचा," नजमा डोळे पुसत म्हणाली. "मला वाटलं, तिचा चेहरा माझ्याकडे नाहीच."

"टिकणार किती हे?"

"संध्याकाळपर्यंत, मॅडम. हवा लागली की मऊ पडेल."

"मग फोटो काढून ठेवा. मार्क का दिले असं कुणी विचारलं तर मला काहीतरी दाखवावं लागेल." त्यांनी कागदावर लिहिलं, टोपण लावलं, आणि जाता जाता भैरूचा एक कान मोडून तोंडात टाकला. "मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

नजमा पास झाल्याचं सरांनी तिथेच सांगितलं. उरलेले चेहरे पोरांनी चहाबरोबर संपवले. माझं हसरं तोंड कुणी खाल्लं ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

सरुबाई कढई घेऊन मुलाच्या जीपमधून गेल्या. आम्ही तिघं रिक्षात बसलो. नजमाचा चेहरा मात्र कमरजहांने कुणाला खाऊ दिला नव्हता. ताट मांडीवर घेऊन ती बसली होती आणि पुलावर वारा लागू लागला तशी तिने त्यावर ओढणी पसरली.

"अम्मी, मऊ पडणारच आहे तो. खाऊन टाकू."

"गप्प बस. घरी तुझ्या अब्बांना दाखवू दे आधी."

"मग फोटो तरी काढू दे. इकडे बघ."

नजमाने फोन समोर धरला. कमरजहांने ओढणी बाजूला केली, मांडीवरचा चेहरा नीट कॅमेऱ्याकडे वळवला, आणि मग स्वतः बघितलं.