टॉवरचा दुसरा कान

"ओढा की दादा! केबल काय मुहूर्त बघून काढायचीय?"

शेजारीण कुंपणाच्या जाळीला पाठ टेकून उभी होती. ती काही त्याच्या घराशेजारी राहत नव्हती. टॉवरच्या पायथ्याशी दोन कंपन्यांच्या दोन पेट्या होत्या, कपाटाएवढ्या, करड्या रंगाच्या. एक त्याच्या कंपनीची, एक तिच्या. पेट्या शेजारी म्हणून ती शेजारीण. कामावर आली त्या दिवशी तो गमतीनं म्हणाला आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. आता तिचा नवरासुद्धा तिला फोनवर विचारायचा, "शेजारी आलेत का आज?"

त्याच्या हातात पाना होता. समोर दोन पेट्यांच्या मधून दोन काळ्या केबली गेल्या होत्या, करंगळीएवढ्या जाड. एक इकडून तिकडे, दुसरी तिकडून इकडे. तिनं आपल्याकडची मघाशीच सोडवून गुंडाळून ठेवली होती. आता त्याची पाळी होती.

या केबलींचं काम समजायला अवघड नाही. टॉवर दोनच गोष्टी करतो. बोलतो आणि ऐकतो. बोलायला त्याच्याकडे ताकद दांडगी. खाली वीज आहे, जनरेटर आहे, त्याचा आवाज समोरच्या धरणाच्या पाण्यापलीकडे सहज जातो. अवघड असतं ते ऐकणं. कारण पलीकडून बोलतो तो तळहातात मावणारा फोन, आणि त्याचा आवाज इथवर येईतो मुंगीच्या पावलासारखा होतो. एका अँटेनाच्या हातून तो निसटला, तर थोड्या अंतरावरच्या दुसरीला तो सापडतो; पुढच्याच क्षणी पहिलीला सापडतो आणि दुसरीकडून निसटतो. दोघींनी ऐकलेलं जुळवलं की तुटकं वाक्य सांधलं जातं. या टॉवरवर जागा कमी होती. म्हणून दोन्ही कंपन्यांनी ऐकायला एकेकच अँटेना लावली आणि जे ऐकू येईल ते एकमेकींना द्यायचं ठरवलं. इतकी वर्षं प्रत्येकीला दोन कान होते. एक आपला, एक शेजारणीचा.

आता वरच्यांचं बिनसलं होतं. का बिनसलं, ते पायथ्याशी कुणी सांगायला येत नाही. भावाभावांचं फाटलं की विहिरीत भिंत घालतात आणि दोघंही अर्ध्या विहिरीवर भागवतात, त्यातलाच प्रकार. आज केबली काढून फोटो पाठवायचे, एवढाच हुकूम होता.

"आईचा विचार करताय ना?" शेजारणीनं विचारलं.

त्याची आई पाण्याच्या पलीकडच्या काठाला राहत होती, टेकडीच्या पोटातल्या वस्तीत. तिथल्याच शाळेतून ती निवृत्त झाली आणि तिथंच राहिली. वस्तीतली पाच-सहा पोरं अजून तिच्या पायरीवर पाटी घेऊन बसत. इकडे शहरात त्याची बायको दवाखान्यात नर्स, तो असा टॉवरांवर. त्यांची मुलगी ठकू, चौथीतली, शाळेतून येऊन स्वतः कुलूप उघडायची आणि आजीला फोन लावायची. मग आईबापांपैकी कुणी येईपर्यंत फोन चालूच. आजी तिकडे भाजी निवडायची, ठकू इकडे गणितं सोडवायची. मधेच आजी विचारायची, "कडी लावलीस? गॅसपाशी जाऊ नकोस. सात आठे किती?" ठकू घरात एकटी असते असं त्या घरात कुणालाच वाटत नसे, ते या फोनमुळे.

आणि वस्तीतून येणारा आवाज दोन कानांनीही जेमतेमच ऐकू येत होता.

"असं करा," शेजारीण आवाज खाली आणून म्हणाली. "काढा, फोटो पाठवा आणि लावा परत. मी काही आंधळी नाही, पण आज माझ्या डोळ्यांत कचरा गेलाय."

"उद्या तुझ्याकडे तपासणी आहे."

"आहे. मग?"

"मग काय? केबलचं एक टोक तुझ्या पेटीत आहे. ते बघून माझं नाव विचारणारेत का? धरतील ते तुलाच."

तिचं काम कंत्राटावर होतं आणि नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला. तिनं जाळीवरचा गंज नखानं खरवडला. "तसं म्हटलं तर बरोबरच आहे तुमचं," ती म्हणाली.

त्यानं पाना फिरवला. केबल सुटली. त्यानं फोटो काढला, पाठवला. मग सवयीनं आपल्या फोनकडे बघितलं. सिग्नलच्या दांड्या पूर्ण. ऑफिसला फोन लावून बघितला. खणखणीत.

"बघ, जग काही बुडालं नाही," तो म्हणाला. "आता आईला कळवून टाकतो. आजपासून ठकूच्या फोनची वाट बघू नकोस म्हणून."

त्यानं आईचा नंबर लावला. पलीकडून तो ठरावीक, गोड, बिनकामाचा आवाज आला. संपर्क होऊ शकत नाही.

त्यानं पुन्हा लावला. पुन्हा तोच आवाज. मग त्याचा हात कानापासून आपोआप खाली आला. टॉवर आईच्या फोनला हाक मारत होता, आईचा फोन ओ देत होता, आणि ती ओ आता इकडे कुणाला ऐकू येत नव्हती.

"दादा," शेजारीण म्हणाली, "तुम्ही आधी फोन करून मग…" तिनं वाक्य तिथंच सोडलं.

ज्या वाटेनं निरोप धाडायचा ती वाट त्यानं आधी खणली होती आणि मग निरोप आठवला होता. खरं सांगायचं तर आठवण सकाळपासून होती. पण आधी सांगितलं असतं तर आईनं दहा प्रश्न विचारले असते आणि केबल काढताना हात कचरला असता. आधी काम उरकू, मग सांगू, असा हिशेब त्यानं मनाशी केला होता. या धंद्यात केस पांढरे झालेल्या माणसानं!

"लावा परत. दोन मिनिटं. बोलून घ्या."

त्यानं केबल लावली. काही फरक पडला नाही. त्यानं साहेबांना फोन केला. साहेब खुशीत होते. "फोटो मिळाला. तुमच्या पेटीला आम्ही इथूनच सांगून टाकलंय, आता एकाच अँटेनाचं ऐकायचं."

म्हणजे केबल आता नुसती दोरी होती.

"चला, माझी युक्तीपण चालली नसती," शेजारीण म्हणाली. मग तिला काहीतरी सुचलं. "वस्तीत दुसऱ्या कुणाला लावा ना."

"कुणाला लावू? तिथं सगळ्यांकडे फोन आहेत ते तुझ्या नाहीतर माझ्या कंपनीचे."

शाळा सुटायला थोडाच वेळ होता. ठकूला गाठणं कठीण नव्हतं, ती शहरात होती. पण पलीकडे एक म्हातारी फोन हातात घेऊन बसणार, फोनवर दांड्या दिसणार, आणि तरीही नातीचा फोन येणार नाही. ती काय समजेल?

"तुम्ही आईकडे निघा," शेजारणीनं आपली पिशवी उचलली. "ठकूपाशी मी जाऊन बसते. किल्ली आहेच तिच्याकडे. मला गणितं येत नाहीत हे मात्र तिला आधीच सांगून ठेवा."

पाण्याला वळसा घालून जाणारा रस्ता लांबचा आणि खराब. मोटारसायकल खड्ड्यांतून उडत होती आणि त्याचं मन तिच्या पुढे. आई घाबरट नव्हती. पण घाबरट नसलेली माणसं काळजीनं घरात बसून राहत नाहीत, चालायला लागतात, आणि तेच त्याला छळत होतं.

घराला बाहेरून कडी होती. पायरीवर अर्धी निवडलेली भाजी आणि एक पाटी. शेजारचा मेंढपाळ काठी टेकत आला.

"बाई वर गेल्या," तो टेकडीकडे बोट दाखवत म्हणाला. "फोन हातात वर धरून. चार पावलं चढायच्या, थांबायच्या, फोन कानाला लावायच्या. परत चार पावलं. मी म्हटलं, बाई, काही हरवलं का? तर मलाच म्हणाल्या, गप्प उभा राहा, मला दांड्या मोजू दे."

तो धावत चढला. पायवाट अशी नव्हतीच, शेळ्यांनी पाडलेली रेघ होती. वाटेत आईची एक चप्पल सापडली, अंगठा तुटलेली. ती हातात घेऊन तो वर आला, तेव्हा आई एका सपाट दगडावर बसली होती. तळहात खरचटलेला, श्वास लागलेला, फोन कानाला.

"…आणि कडी लावलीस? कोण आलंय म्हणालीस? शेजारीण? अगं, तुमच्या शेजारी तर शिंपी राहतो!"

आईनं त्याला बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"तू इथं कसा? ठकूला काय झालंय? माझ्यापासून लपवताय का?"

"काही झालेलं नाही. बोलतेय ना ती तुझ्याशी?"

"मग तू का आलास?" तिनं ठकूला थांबायला सांगून फोन बंद केला. "तीन दांड्या होत्या रे. तीन! दांड्या नसत्या तर म्हटलं असतं, रेंज गेली. दांड्या आहेत आणि पोरीचा फोन येत नाही, माझाही लागत नाही, म्हणजे काय समजायचं? मी काय काय विचार केले, ते तुला सांगणार नाही."

तेव्हा त्यानं सांगितलं. केबल, फोटो, सगळं. दांड्या म्हणजे टॉवरचं बोलणं तुझ्यापर्यंत पोचतंय एवढंच. तुझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतं की नाही, ते दांड्या सांगत नाहीत. इथं वर टेकडी आड येत नाही, म्हणून एका कानालाही ऐकू आलं.

आई लक्ष देऊन ऐकत होती, एखाद्या हुशार पोराचं उत्तर ऐकावं तशी.

"म्हणजे मला सगळ्यांचं ऐकू येणार, पण माझं कुणाला ऐकू जाणार नाही."

"हो."

"मग यात नवीन काय?" ती हसली. त्याला हसता आलं नाही.

"केबल कुणी काढली?" तिनं विचारलं.

"वरून हुकूम होता."

"हुकूम कुणाचा ते नाही विचारलं. काढली कुणी?"

"मी."

"बरं," ती म्हणाली. "पण मला आधी सांगायचं होतंस."

"आई, आता घरी चल. आमच्याकडे. ठकू एकटी असते. फोनचं काही खरं नाही, आणि तुझे हे गुडघे…"

"गुडघे माझे आहेत, कंपनीचे नाहीत."

"मी मस्करी करत नाहीये."

"मी तरी कुठं करतेय?" आईनं तुटकी चप्पल त्याच्याकडून घेतली आणि अंगठा ओढून बघितला. "वर्गात एखादं बारीक आवाजाचं पोर मागच्या बाकावर असलं, तर त्याला मी पुढं आणून बसवायचे. एक असलं तर जमतं. सगळा मागचा बाकच तसा असला, तर काय करायचं? मग बाईनं खुर्ची उचलायची आणि मागं जाऊन बसायचं." तिनं खाली वस्तीकडे बघितलं. "या सगळ्यांच्या घरात आज हेच झालं असणार. त्यांना हे सांगायला तरी कुणी पाहिजे ना? ठकूला मी रोज इथून फोन करीन. तिला म्हणावं, तू नको लावूस, आजी लावील."

"रोज? एवढं चढून?"

"शाळेत असताना रोज एवढं चालायचेच."

ती वीस वर्षांपूर्वीची गोष्ट होती. उतरताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वाटेत ती अनेकदा थांबली आणि दर वेळी एखादं झुडूप किंवा पक्षी दाखवत राहिली, जणू त्यासाठीच थांबली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांना सगळं सांगितलं.

"त्या वस्तीतून एकही तक्रार नाही," साहेब म्हणाले.

"तक्रार येणार कशी, साहेब? त्यांचा फोनच लागत नाही."

"तेच म्हणतोय मी. तक्रार आली की बघू."

शेजारणीनं तिच्या साहेबांना विचारलं. तिलाही जवळजवळ हेच उत्तर मिळालं. "दोघांचं पटत नाही म्हणतात," ती म्हणाली, "पण उत्तरं बघा कशी जुळतात!"

पुढच्या आठवड्यात वाऱ्यानं एक अँटेना कलली, म्हणून तो टॉवरवर चढला. पट्टा अडकवला, बोल्ट आवळले. काम झालं होतं. खाली बघायचं सोडून त्यानं पाण्यापलीकडे बघितलं. उन्हं कलली होती आणि टेकडी स्वच्छ दिसत होती. तिच्या अंगावर एक ठिपका होता. हलतोय की नाही ते आधी कळेना. मग कळलं. थोडा वर सरकायचा, थांबायचा. पुन्हा थोडा वर.

अर्ध्यावर तो ठिपका थांबला.

त्याचा फोन नियमाप्रमाणे खाली पिशवीत होता. हाक मारून तर उपयोग नव्हता. त्यानं थंड लोखंड दोन्ही हातांनी धरलं. ठिपका वर सरकेना आणि खालीही येईना. वारा पट्ट्याच्या टोकाशी खेळत होता.

"दादा!" खालून शेजारीण ओरडली. "झालं ना? उतरा की!"

ठिपका हलला. वरच्या बाजूला.

"थांब जरा," तो म्हणाला. एवढ्या हळू, की खाली काही ते ऐकू गेलं नसणार. "आई चढतेय अजून."