चढावरच्या गल्लीचं पाणी

खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून धम्मदीप गल्लीच्या तोंडाशी दिसला, की कुणीतरी ओरडायचं, "आला गं, आला!" मग घागरी, बादल्या, बॅरल यांचा एकच खडखडाट सुरू व्हायचा. सोलापुरात नळाला पाणी येणं म्हणजे घराघरातला सणच. तो रोज नसतो, काही दिवसांनी येतो. आणि तो आणणारा माणूस म्हणजे चावीवाला.

धम्मदीपकडच्या भागांतल्या दोन गल्ल्या एकाच पाइपावर होत्या. आधी पिंपळाची गल्ली, मग चढावरची. रस्त्यातल्या खड्ड्यात चावी घालून तो पहिलीचा व्हॉल्व्ह उघडायचा, तिचं झालं की तो बंद करून दुसरीचा. टाकीतून पाणी किती वेळ सोडायचं ते पालिकेच्या कचेरीत ठरलेलं. खाली जास्त वेळ चाललं, तर वर चढायला पाइपात जोरच उरत नसे. लोकांना मात्र वाटायचं, चावी ह्याच्या हातात म्हणजे पाणीही ह्याच्याच हातात.

त्यातून धम्मदीपचा स्वभाव मऊ. कुणाकडे बारसं असलं, कुणाकडे पाहुणे उतरले, की तो व्हॉल्व्ह थोडा उशिरा बंद करायचा. मागल्या पाळीला पिंपळाच्या गल्लीत साखरपुडा होता. तिथं त्यानं असंच थोडं जास्त चालू दिलं आणि चढावरच्या नळांना नुसती हवा आली.

मीनाबाई त्याच चढावरच्या गल्लीत राहायची. तिचा नवरा त्रिंबक यंत्रमागावर कामाला होता. वर्षापूर्वी जिन्यावरून पडला आणि कमरेखालून लुळा झाला. अंथरुणात पडून पडून त्याच्या पाठीला आणि टाचांना जखमा झाल्या होत्या. दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं, अंग रोज धुवा, चादर रोज बदला, नाहीतर जखमा आत जातील. मीनाबाईनं ते दिवस शेजारच्यांकडून तांब्या-तांब्या मागून काढले. हे धम्मदीपला नंतर कळलं. तेव्हा तो तिच्या दारात जाऊन म्हणाला होता, "मावशी, पुढल्या पाळीला तुमचं भरल्याबिगर टाकी बंद व्हायची न्हाय. शब्द हाय माझा."

आज ती पाळी होती. तो सकाळी लवकरच आला. आधी वरचं सोडावं असंही मनात येऊन गेलं. पण पूर्वी एकदा त्यानं तसं केलं होतं, तेव्हा कचेरीत तक्रार गेली होती आणि क्रम मोडायचा नाही अशी साहेबांनी ताकीद दिली होती. म्हणून त्यानं पिंपळाच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला आणि मनाशी ठरवलं, आज वेळेवर म्हणजे वेळेवर.

वेळ झाली. त्यानं चावी खड्ड्यात उतरवली आणि वर पाहिलं, तर देवदत्तकाकांच्या दारात माणसं जमली होती. काका ओट्यावर बसले होते, अंगात नुसता बनियन. शेजारचा आशिष धावत आला.

"धम्मदीपभाऊ, अनसूयाकाकू गेल्या हो. पहाटेच. आज एवढं चालू राहू द्या."

धम्मदीपच्या हातातली चावी तशीच राहिली. "घरातलं भरलं न्हाय का अजून?"

"काकांच्या नळाला धारच नाही. गल्लीत सगळ्यांनी नळांना मोटारी लावल्यात."

"मग बंद करायला सांगा की त्यांना!"

"कुणाला सांगू? प्रत्येक जण म्हणतो, मयताच्या घराला पाणी कमी पडायला नको, आम्ही भरून देतो. त्यासाठीच तर लावल्यात. काकूंची आंघोळ व्हायचीय. काकांची मुलगी सई करकंबहून निघालीय, तिच्या सासरची माणसं येतायत. स्मशानातून आल्यावर सगळ्यांच्या आंघोळी."

धम्मदीपनं साहेबांना फोन लावला. "साहेब, टाकीची वेळ जरा वाढवा. इथं मयत झालंय, आणि वरची गल्ली अजून व्हायचीय."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मला कळतं रे. पण पुढच्या भागाची माणसं आत्तापासून नळाशी बसलीयत. त्यांच्यातही कुणाकडे काहीतरी असेलच ना? तू सांग, कुणाचं तोडू?"

धम्मदीपनं फोन ठेवला. तो पुन्हा खड्ड्याशी आला. देवदत्तकाकांनी ओट्यावरून त्याच्याकडे पाहिलं. जन्मभर कारकुनी केलेला माणूस. हळूच म्हणाले, "तू तुझं काम कर, बाळ. बंद करायची वेळ झाली असेल ना? वरची माणसं वाट बघत असतील."

काकांनी हे म्हणायला नको होतं. ते अडून बसले असते, तर धम्मदीपनं कदाचित नियम सांगून चावी फिरवलीही असती. आता त्याचे हात काही केल्या वळेनात. चावीवर भार टाकून तो उभा राहिला. घरातून बायकांचं रडणं ऐकू येत होतं आणि सगळ्या गल्लीत मोटारी घरघरत होत्या. शेवटी आतून कुणीतरी "झालं भरून" म्हणालं, तेव्हा त्यानं व्हॉल्व्ह बंद केला आणि मोटारसायकल चढाकडे दामटली.

वरचा व्हॉल्व्ह उघडला. नळांना करंगळीएवढी धार आली. बायांनी एकमेकींकडे बघून हसत घागरी लावल्या. घागरींची बुडं भिजतात न भिजतात तोच धार बारीक झाली, तुटली, आणि नळ फुसफुसायला लागले. टाकी बंद झाली होती.

ईरम्मा कमरेवर हात ठेवून पुढं आली. "अय्यो, चावीवाले! आमच्या नळात काय साप सोडलास काय? नुसता फुसफुस करतोय!"

बाया हसल्या. धम्मदीपनं मान खाली घातली. "खाली अनसूयाकाकू वारल्या. त्यांच्या दारात चावी फिरवता आली न्हाय मला."

हसणं थांबलं. ईरम्माचे हात कमरेवरून खाली आले. "मग काय बोलायचं?" ती म्हणाली. "मयताचं तोडून आमाला दिलं असतंस, तर ते आमच्या तरी घशाखाली उतरलं असतं व्हय?"

"शिव्या द्या की मला," धम्मदीप म्हणाला.

"कशापायी? चुकलास कुटं तू?"

मीनाबाई दारात उभी होती. तिच्या घागरीत तळाशी ओंजळभर पाणी होतं. धम्मदीपनं तिच्या दारातले दोन रिकामे कॅन उचलले, गाडीला अडकवले आणि पुन्हा खाली गेला.

पिंपळाच्या गल्लीत बॅरल भरून वाहिले होते आणि गटार खळखळत होतं. आशिष पाइप धरून काकांच्या दारापुढचा रस्ता धुऊन काढत होता. माणसं येणार, खुर्च्या मांडायच्या होत्या. धम्मदीपनं कॅन पुढं करताच त्यानं काही न विचारता ते काठोकाठ भरले.

"अजून आणा की, भाऊ. लागेल तेवढं न्या."

"गाडीवर दोनच बसत्यात, आन् पुढच्या भागातबी जायचंय मला," धम्मदीप म्हणाला. त्या धुतलेल्या रस्त्याकडे तो बघत राहिला. रागवावं तरी कुणावर? पोरगं चांगलंच काम करत होतं.

तो वर पोचला तेव्हा सगळ्या बाया आपापल्या दारात होत्या. कुणी पुढं आलं नाही, कुणी मागितलं नाही. सगळ्यांच्या देखत तो कॅन मीनाबाईच्या दाराकडे न्यायला लागला, तशी तीच रस्त्यात आली.

"त्यो एक ईरम्माच्यात दे. तिच्यात बाळंतीण हाय."

"मावशी, हे त्रिंबकतात्यांसाठी आणलंय."

"ठावं हाय मला. दे म्हणते ना."

एक कॅन ईरम्माकडे गेला. दुसऱ्यातलं निम्मं मीनाबाईनं शेजारच्या चंद्रव्वाच्या कळशीत ओतलं. चंद्रव्वा नको नको म्हणत होती, पण कळशी काही तिनं मागं घेतली नाही. उरलेलं मीनाबाईनं घरात नेलं. त्यातलं थोडं प्यायला झाकून ठेवलं आणि बाकीचं पातेल्यात काढलं.

"आलाच हाईस तर जरा धर ह्यांना," ती म्हणाली. "मला एकटीला वळवायला जड जात्यात."

धम्मदीप खाटेशी बसला. त्रिंबकच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालून त्यानं त्याला कुशीवर वळवलं आणि तसंच धरून ठेवलं. खिशात फोन वाजायला लागला. साहेबांचाच असणार, पुढच्या भागाचा व्हॉल्व्हही त्यानंच उघडायचा होता. हात मोकळा नव्हता. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजायला लागला.

"उचल की रं," त्रिंबक भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "बाया तुजी वाट बघत असतील तिकडं."

"असू द्या, तात्या."

मीनाबाईनं फडकं बुडवलं, पिळलं आणि मानेपासून सुरुवात केली. जखमांच्या कडा ती हलक्या हातानं टिपत होती. पाणी पुरवायचं म्हणून ती फडकं प्रत्येक वेळी पातेल्यातच पिळायची. जरा वेळानं पाणी गढूळ झालं, तेव्हा तिनं पिळणं थांबवलं. कमरेपर्यंत आल्यावर पातेलं तिरपं करून तिनं उरलेलं फडक्यावर घेतलं. पाय तसेच राहिले होते, टाचांवर बांधलेल्या चिंध्या सुटल्या होत्या. झाकलेल्या पिण्याच्या पाण्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि नजर फिरवली.

त्रिंबकला मागचं दिसत नव्हतं. पण पातेल्याचा आवाज त्याला कळला असावा.

"बास," तो म्हणाला. "लई गार वाटलं. पायाला काय आज लागत न्हाय."

मीनाबाईनं कोरडं फडकं घेतलं आणि त्याचे पाय पुसायला लागली.