दोन बाटल्या लव्हेंडर

"रंगाचा वास येतो गो तुझ्या अंगाला," असं रोह्याच्या बायजाबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या आणि मी चहाचा कप खाली ठेवला. त्या साहिलच्या आई. मला साहिलशी लग्न करायचंय आणि होकार त्यांच्या हातात. साहिल म्हणाला, मनावर घेऊ नकोस. घेतलं. आठवडाभर दोन-दोनदा साबण घासला.

दुसऱ्या भेटीसाठी पेणच्या बाजारात सेंट घ्यायला गेले. दुकानदाराने लव्हेंडरच्या दोन बाटल्या पुढे ठेवल्या. एक म्हणे ताजा आणि पावडरसारखा, दुसरा म्हणे पावडरसारखा आणि ताजा. मला दोन्ही सारखेच, म्हणजे जवळजवळ बिनवासाचे. हमरापूरच्या कारखान्यात दहा वर्षं गणपतीचे डोळे आखतेय. थिनरने नाक केव्हाच कामातून गेलंय. चिडून दोन्ही घेतल्या.

कारखान्यात विचारणार कुणाला? सगळ्यांच्या नाकाची तीच गत. मूर्तींना रंग फवारणारा गोरख दोन्ही हुंगून गंभीरपणे म्हणाला की पॉलिश चांगलं आहे. मग मी डोकं लढवलं. एकाच साच्यातल्या दोन मूर्ती शेजारी ठेवल्या. एकीवर एक सेंट मारला, दुसरीवर दुसरा. गिऱ्हाइकांची नाकं तरी शाबूत असतात. ज्या मूर्तीपाशी माणसं जास्त रेंगाळतील, तिचा सेंट माझा.

पनवेलचं एक जोडपं आलं आणि दुसऱ्या मूर्तीपाशी खिळून उभं राहिलं. मी खूश. तेवढ्यात बाई हळूच नवऱ्याला म्हणाली, "अहो, हा रडतोय."

सेंटमधल्या स्पिरिटने डोळ्याचा ओला काळा रंग गालावर उतरला होता. मालकाची बोलणी खात अख्खा शनिवार तो डोळा पुसण्यात आणि पुन्हा आखण्यात गेला. थिनरचं फडकं तसंच माझ्या पिशवीत राहिलं.

रविवारी पेणहून रोह्याची गाडी पकडली. निवड झालीच नव्हती, म्हणून एका हाताला एक सेंट लावला, दुसऱ्या हाताला दुसरा. शेजारच्या बाईने उठून जागा बदलली, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

बायजाबाईंनी दारातच माझे दोन्ही हात धरले, हुंगले आणि त्यांचा चेहरा पडला.

"ह्यो कसला वास? तो रंगाचा कुठं गेला?" त्या म्हणाल्या. "गणपती घरी आणतो ना, त्या दिवशी सगळ्या घराला तसा वास असतो. मी म्हटलं, ही आली तर बारा महिने येईल."

मला हसावं की रडावं कळेना. एवढा साबण फुकट घासला याचा रागही आला. मी पिशवीतून फडकं काढलं, त्यांच्यासमोर दोन्ही हात खसाखसा पुसले आणि पुन्हा पुढे केले. त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

"व्हय, हाच," त्या म्हणाल्या. "आता ये गो नम्रता घरात."