लौरीचा ग्वलानेनचा परकर

चॅपेलशेजारच्या खोलीत कॉलेजातले मास्तर सांगत होते, "इंग्रज ज्याला फ्लॅनेल म्हणतात, तो शब्द बहुधा आपल्या वेल्शचाच. ग्वलान म्हणजे लोकर, तिचं ग्वलानेन. मेंढ्या राहिल्या डोंगरावर, कापड गेलं बाजाराला, नि शब्द निघाला कापडाचा पदर धरून."

गिरणीतल्या बाया खुदखुदल्या. लौरीनं मालेनला कोपरानं ढोसलं. "ऐकलंस का गं? लंडनच्या मडमासुद्धा आपलंच बोलतात!"

मालेनला हसू आलं नाही.

घराकडे निघाल्यावरही लौरीची टकळी चालूच. "बघ की, ज्या शब्दापायी मी छड्या खाल्ल्या, तो इंग्रजीतही निघाला! आपला शाळेतला मास्तर आज असता तर म्हटलं असतं, काढा माझ्या छड्या परत. पण मेल्याला दाराआडून ऐकू कसं आलं गं?"

मालेनला शाळेतला तो दिवस आठवला. तेव्हा दोघी आठ वर्षांच्या. शाळेत वेल्श बोलेल त्याच्या गळ्यात लाकडी पाटी पडे. दुसरं कुणी बोलताना सापडलं की ती त्याच्याकडे जाई, आणि शेवटच्या घंटेला ज्याच्या गळ्यात ती असेल, त्याला छड्या. त्या दिवशी पाटी मालेनच्या गळ्यात होती. घंटा व्हायला आली होती. लौरी नवा परकर घालून मिरवत होती. मालेननं तो कुरवाळला नि हळूच विचारलं, "कशाचा गं?"

"ग्वलानेनचा! आईनं विणलाय," लौरी म्हणाली. इंग्रजी नाव तिला येतच नव्हतं. तिला ते येत नाही, हे मालेनला ठाऊक होतं.

"लौरी," मालेन थांबली. "मास्तरांनी काही ऐकलं नव्हतं. मी जाऊन सांगितलं. विचारलंही त्यासाठीच."

लौरीनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"हात सुजून भाकरीएवढा झाला होता," ती म्हणाली. "आई शेक देत होती, रडत होती. मी तिला म्हटलं, रडू नकोस, मालेन सुटली ना आज."

"लौरी, मला..."

"नको. आज काही बोलू नकोस."

ती नदीकाठच्या वाटेला लागली. वाट चांगली रुंद होती, दोघींना सहज पुरली असती. मालेन मात्र चार पावलं मागेच राहिली, आणि लौरीनं वळून तिला हाक मारली नाही.