बिनतोंडाची बाई

निलंग्याच्या गौरम्माला नातू झाला आणि सुखापेक्षा तिच्या जिवाला घोरच जास्त लागला. लेकरू शिंकलं की ही देवापुढं दिवा लावायची! त्यात आज सकाळपासून बाळ तापलेलं, दूधही तोंडात घेईना.

त्याला उचलताना तिचं लक्ष पांघरुणाकडं गेलं. लाल सुतानं विणलेली एक बाई, कडेवर लेकरू, पुढ्यात वाघ. आणि बाईला तोंडच नव्हतं, नुसता कोरा चेहरा!

हे पांघरूण माडीवरच्या भाडेकरू विशाखा मडावीनं दिलेलं. किनवटकडची गोंडाची पोर, इथं शाळेत बाई. पांघरूण तिच्या आईनं मागावर विणलं होतं.

"भानामती!" गौरम्मानं पांघरूण बाजूला भिरकावलं. "मंजुश्री, त्या रानातल्या बाईनं करणी धाडली गं! करणी उतरवणाऱ्या जाणत्याला निरोप दे. तवर लेकराला उंबऱ्याबाहेर न्यायचं न्हाई."

"आत्याबाई, अंग लई भाजून राहिलंय. दवाखान्यात नेऊ द्या ना," सून रडकुंडीला आली.

"आन् वाटंतच काई झालं म्हंजी?"

बाळाला पोटाशी धरून गौरम्मा दारातच उभी राहिली. बाळाचं रडणं बारीक होत चाललं. आरडाओरडा ऐकून विशाखा धावत खाली आली.

"खोली रिकामी कर आधी! काय घातलंस या कापडात?" गौरम्मा कडाडली.

विशाखा भेदरली, पण मागं सरली नाही. "काकू, गोष्ट घातलीय. वाघाच्या रानातून लेकराला पार नेणाऱ्या आईची. आमच्या घरी तिचं तोंड विणत नाहीत. जी लेकराला उचलून नेईल, तिचंच तोंड तिथं समजायचं. मला विचारायचं तरी होतं! करणी केली असती तर मी अशी धावत आले असते का? न्या हो त्याला, हात जोडते!"

गौरम्मानं खाली पाहिलं. लेकराला तर तिनंच उचललं होतं. आणि दार अडवून तीच उभी होती! अरे देवा, वाघाचं काम आपणच करून राहिलो की!

"विशाखा, पळ! रिक्षा आण गं माय!"

"आणखी उशीर केला असता तर अवघड होतं," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. तिकडं घरी जाणता आला आणि कुलूप बघून परत गेला.

संध्याकाळी ताप उतरला. गौरम्मानं विशाखाचा हात धरला. "पोरी, चुकलं माझं. तुझ्या आईला बोलाव. सगळी गोष्ट ऐकायची हाय मला."

मंडळी, दुसऱ्याच्या कापडावरची गोष्ट आपल्याला कळली नाही, तर तिला करणी म्हणू नका. विणणारीला विचारा. न विचारता भ्यायलेलं माणूस आपल्याच लेकराच्या वाटेत उभं राहतं.