दुखण्याचं मूळ

शेजारीपाजारी तिला इंग्लिशबाई म्हणत. घरी शिकवणीला येणाऱ्या मुलींना ती शब्दांची कुळंमुळं रंगवून सांगायची. त्या दिवशी ‘पेन’ निघाला. लिहायचा नव्हे, दुखण्याचा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शिक्षा, दंड. फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता तो दुखण्याला चिकटला, असं तिनं सांगितलं. आत मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनीही ते ऐकलं, हे तिच्या गावीही नव्हतं.

तेव्हापासून सासूबाई गप्प गप्प झाल्या. जेवण निम्म्यावर आलं. विचारलं तर वय झालं म्हणून उडवून लावायच्या. नवरा कामासाठी परगावी. त्याला फोनवर सांगावं तर तो तिथं हवालदिल व्हायचा, न सांगावं तर हिच्या जिवाला घोर.

एका दुपारी स्वयंपाकघरात पातेलं आदळलं. ती धावली. सासूबाई ओटा धरून उभ्या, चेहरा घामानं थबथबलेला, एक हात उजव्या बरगडीखाली. टॅक्सी बोलावते म्हणताच त्यांनी तिचं मनगट धरलं.

“नको. माझं मला भोगू दे.”

“काय भोगायचंय, आई?”

थांबत थांबत त्यांनी सांगितलं. थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती, निरोपावर निरोप येत होते, पण जुन्या अबोल्यापायी त्या गेल्याच नाहीत. बहीण वाट बघत गेली.

“तूच म्हणालीस ना पोरींना, दुखणं म्हणजे शिक्षा.”

तिनं खाली वाकून त्यांच्या पायांत चपला सरकवल्या.

“शब्द कुठून आला ते मी सांगितलं, आई. तुमचं दुखणं कुठून आलं ते डॉक्टरच सांगतील. चला.”

दवाखान्यात सोनोग्राफीच्या दाराबाहेर तिनं येरझारा घातल्या. पित्ताशयात खडे होते, सूज चढली होती. आणखी अंगावर काढलं असतं तर जिवावर बेतलं असतं. खडे कशानं होतात, हे सासूबाईंनी डॉक्टरांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तरात बहिणीचं नाव आलं नाही. तरी त्यांचा चेहरा सैल झाला नाही.

ऑपरेशन निभावलं. नवराही येऊन पोचला. तो औषधं आणायला गेल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, “ताई माझी वेणी फार घट्ट घालायची गं.” आणि प्रथमच रडू लागल्या. सून उशाशी बसून राहिली.