बाटली पामचा पोंगा

लोटनभाऊंशी मी महिनाभर बोलत नव्हते, आणि चूक त्यांची नव्हती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर आमच्या असोदा गावात दुसरं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेल.

भांडण झालं ते आमच्या दारातल्या पामवरून. बुडाशी फुगलेला, वर निमुळता, डोक्यावर मोजून पाच पानं. बॉटल पाम म्हणतात त्याला. आमचे हे, जीवराम, अठ्ठावीस वर्षांपूर्वी धुळ्याला बहिणीकडे गेले होते. येताना साडी आणतील म्हणून मी वाट बघत बसले, तर हे एसटीतून उतरले कुंडी छातीशी धरून. नर्सरीवाला म्हणाला होता म्हणे, "हाई झाड फळ देस नही, पन दारनी शोभा शे." मी म्हटलं, वा, केळीवाल्याच्या दारात बिनफळाचं झाड. घरात कुणी थेंबाला शिवत नाही आणि दारात बाटली. तेव्हापासून गल्लीत आमचं घर बाटलीवाल्यांचं झालं. हे नुसते हसायचे.

हसायचे, आणि रोज संध्याकाळी बागेतून आले की त्या झाडाची उठाठेव करायचे. बूड झाडून स्वच्छ, एक पान पडलेलं खपायचं नाही. सायकलच्या चाकाची एक तार टोकाला वाकवून ठेवली होती, ती घेऊन शिडीवर चढायचे आणि शेंड्यात कोरत बसायचे. मी चुलीपुढून ओरडायचे, "माझ्या म्हशीचे कान कधी इतके साफ केले का?" तेव्हा राग यायचा. आता वाटतं, भाकरी तव्यावर, हे शिडीवर आणि माझी टकळी चालू, याहून जास्त सुख मला कधी मिळालं नाही. पण तेव्हा ते कळायला कुणाला वेळ होता?

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी हे गेले. तेराव्यानंतर मी त्या झाडाकडे नीट पाहिलं आणि ठरवलं, याला काही कमी पडू द्यायचं नाही. आम्हा केळीवाल्यांना माया करायची एकच रीत ठाऊक, खत घालायचं. दोन म्हशींचं शेण रोज बुडाशी. वरून केळीचे खांब कापून त्याचे तुकडे. यांनी बिचाऱ्याला अठ्ठावीस वर्षं उपाशी ठेवलं असंही मनात आलं. बघता बघता ढीग गुडघ्याला लागला.

चैत्रात नवं पान उघडलं ते कात्रीने कापल्यासारखं, दोन्ही बाजूंनी त्रिकोणी त्रिकोणी. शेजारच्या लोटनभाऊंच्या नातीचं, डिंपलचं, तेव्हाच लग्न झालेलं. मांडवाच्या दाराला पामची पानं लावलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. मग काय, गेले आणि त्यांच्या ओट्यावर उभी राहून नाही नाही ते बोलले. भाऊ म्हणाले, "वहिनी, तुमच्या बाटलीले मी हात बी नाही लावला. पानं सावद्याहून आणली." मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. झालं, बोलणं बंद.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंद माहेरी आली, सोबत तिची हेमांगी. पोरगी धुळ्याच्या कृषी कॉलेजात शिकते. तिला पान दाखवून मी म्हटलं, बघ तुझ्या मामाच्या झाडाचे हाल. तिने पानाकडे बघितलंच नाही फारसं. खाली बसली आणि फावड्याने ढीग उकरायला लागली. आतून अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या, वेटोळं करून बसलेल्या. एक नाही, दोन नाही, पाटीभर.

"मामी, हा गेंड्या भुंगा. शेणखतात वाढतो आणि वर जाऊन पोंगा खातो. पान उघडायच्या आधी पोंग्यात गुंडाळलेलं असतं ना, तेव्हाच तो आरपार पोखरतो. म्हणून उघडल्यावर कापल्यासारखं दिसतं."

"म्हणजे मी खत घातलं म्हणून?"

पोरीने पुन्हा फावडं ढिगात घातलं. 

मग तिने वाकडी तार मागितली. म्हटलं, कशाला? म्हणाली, शेंड्यात शिरलेले भुंगे आकड्याने ओढून काढायचे, जुना उपाय आहे. मी भिंतीच्या खुंटीवरची तार काढून दिली आणि तिथेच ओट्यावर बसले. माणूस अठ्ठावीस वर्षं डोळ्यांसमोर भुंगे काढत होता आणि मी म्हशीच्या कानांवरून टोमणे मारत होते. एकदाही विचारलं नाही, अहो, काय करता? विचारलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं.

शिडी आमची मोडलेली. लोटनभाऊंकडे मागायला मलाच जावं लागलं. तोंड खाली घालून म्हटलं, "भाऊ, चुकले." त्यांनी शिडी खांद्यावर घेतली आणि माझ्या पुढे चालायला लागले. हेमांगीने चार भुंगे काढले, काळे कुळकुळीत, नाकावर शिंग. पानांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळीची पेंड भरली. ढीग भाऊंनी बैलगाडीत भरून लांब नेला, अळ्या कोंबड्यांनी संपवल्या.

जाताना पोरगी म्हणाली, "मामी, आतला कोंब कुजलाय की नाही, आता कळणार नाही. केळीसारखं याला बुडातून नवं पिल फुटत नाही. एकच कोंब, तो गेला की झाड गेलं. तीन आठवड्यांनी पोंगा ओढून बघा. हातात आला तर झाड तोडा. तोवर खत नाही, पाणी नाही, काही नाही."

काही नाही! सांगणाऱ्याचं काय जातं? रोज सकाळी शेणाची पाटी घेऊन दारात यायचे आणि परत फिरायचे. एकदा तांब्याभर पाणी ओतायला वाकले, तर समोरून लोटनभाऊ खोकले. हा खोकला मला कळतो. मुकाट्याने आत गेले.

तीन आठवडे झाले त्या सकाळी भाऊंनी शिडी धरली आणि मी चढले. ते म्हणत होते मी चढतो, पण हे काम दुसऱ्याकडे द्यायचं नव्हतं. पोंगा मुठीत धरला.  ओढला. हलला नाही. डोळे मिटून पुन्हा ओढला, सगळा जोर लावून. तो घट्ट होता, मुठीला थंडगार.

यांच्यासाठी मी काय केलं नव्हतं? जळगावचे डॉक्टर, नाशिकचे डॉक्टर, शेळीचं दूध, देवीला नवस, उशाशी रात्रंदिवस बसणं. तरी ते राहिले नाहीत. याच्यासाठी तीन आठवडे काहीसुद्धा केलं नाही, आणि हा राहिला. शिडीवर उभ्या उभ्या मला रडू फुटलं. कुणावर रागवावं तेच कळेना.

"वहिनी, निघाला का वो?" खालून भाऊंनी विचारलं.

"शिडी नीट धरा आधी," मी त्यांच्यावरच ओरडले.